गोलाईतलं किलोवर कटपीसचं दुकान (लेकराचे कपडे घरी शिवणाऱ्यांसाठी)

आधीच सांगते, दुकानाचं नाव लिहिणार नाही, कारण थोडी तक्रार पण करायची आहे आणि दुकानवाल्या चाचाचं नाव उगाच खराब व्हायला नको. लातूरच्या गंजगोलाईत कापड लाईनच्या बाजूला गेलात की कुणालाही विचारा "किलोवर कापड कुठं मिळतं", बोट दाखवतील. बाहेर लाकडी बाकड्यावर ढीग, आत थान, त्याच्याही आत अंधारात चाचा.

माझी लेक आता दीड वर्षाची आहे. ती पोटात असताना सातव्या महिन्यात आईची उषाची काळी पायाची मशीन माहेराहून आणली, तेव्हापासून हा नाद लागलाय. लाईट गेली तरी चालते हे तिचं सगळ्यात मोठं कौतुक. आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई) आधी म्हणायच्या "काय करायलीस गं रातभर टकटक, बाजारात शंभराला झबलं मिळतंय की". आता त्याच शेजारच्या बाईला दाखवतात, सुनेनं शिवलंय म्हणून.

मुळात लहान लेकरांच्या कपड्याला कापड किती लागतं ते बघा. वर्षाच्या लेकराच्या झबल्याला अर्धा मीटर रग्गड होतं, 44 इंच पन्हा (कापडाची रुंदी) असला तर त्यातनंच टोपडं पण निघतं. चुण्यांचा फ्रॉक म्हटलं तर मीटरभर. आता मोठ्या शोरूमला जाऊन अर्धा मीटर मागितलं की तो पोरगा असं बघतो जसं आपण उधार मागायलोय, आणि बऱ्याच ठिकाणी मीटरच्या खाली कापतच नाहीत. इथं ढिगात 40 सेंटीमीटरपासून दीड मीटरपर्यंतचे तुकडे असतात, कुणी काही म्हणत नाही, खाली बसा, उपसा, बाजूला काढा, वजन करा. मी एकदा सकाळी अकराला बसले ते दीड वाजेपर्यंत, चाचानं चहा पाजला.

किलोचा हिशेब मला घरी आल्यावर कळाला. भाव 420 रुपये किलो होता (माझ्या मागच्या फेरीला, दिवाळीच्या आसपास वाढतो). मी घरी पीठ मोजायच्या काट्यावर एकेक तुकडा ठेवून बघितला, तर मलमलचा मीटर भरला 78 ग्रॅम, केंब्रिकचा (मलमलपेक्षा जरा दाट सुती कापड) साधारण 130, आणि एक कॉर्डरॉयचा तुकडा हौसेनं उचलला होता तो तीनशेच्या वर. म्हणजे मलमल पडली तेहतीस रुपये मीटर, केंब्रिक पंचावन्न, आणि कॉर्डरॉय सव्वाशेच्या पुढं! तीच मलमल त्याच दुकानात आत थानावर 110 रुपयानं आहे. म्हणून ढिगातनं फक्त पातळ कापड घ्या, जाड कापड थानावरनंच घेतलेलं परवडतं. चाचाला हे माहिती नसेल असं नाही, पण तो काय आपणहून सांगणार नाही, आणि का सांगावं.

मलमल बरी म्हणजे किती बरी, तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीसला टेकतो तेव्हा लेकराच्या अंगावर दुसरं काही राहातच नाही. पातळ असते म्हणून मी दोन पदरी झबलं शिवते, आतली शिलाई दोन पदरांच्या मधे जाते, अंगाला टोचत नाही. सुई मात्र 11 नंबरची लावा. मी सुरुवातीला मशीनला जी 14 ची होती त्यानंच शिवलं तर मलमलला टाक्याटाक्याला भोकं पडली आणि चुणी आली, मला वाटलं मशीन बिघडली, मेकॅनिकला बोलावलं, तो सुई बदलून दोनशे रुपये घेऊन गेला.

आता तक्रार. बाहेर खडूनं लिहिलंय "प्युअर कॉटन". चाचाला विचारलं तर "सब कॉटनच है बेटी". नाही हो, सगळं नाही. एक छान पिवळ्या फुलाफुलाचा तुकडा आणला, फ्रॉक शिवला, लेक दुपारी उठली तर पाठ घामोळ्यानं लाल. मग काठाचे चार धागे ओढून चिमट्यात धरून काडी लावली, टोकाला काळा कडक मणी झाला. सुती धागा असा वितळत नाही, कागदासारखा जळतो, वास पण कागदाचाच, आणि राख बोटानं चुरली की भुगा होतो. मणी झाला म्हणजे त्यात पॉलिस्टर आहे. तेव्हापासनं मी दुकानातच प्रत्येक तुकड्याचे दोन-तीन धागे काढून बाहेर पानटपरीच्या लायटरवर जाळून बघते, टपरीवाला ओळखायला लागलाय, मी दिसले की लायटरची दोरी माझ्याकडं सरकवतो. चाचाला राग येत नाही, तो फक्त मान हलवतो. पण दहा तुकड्यांत दोन तरी मिक्स निघतातच, त्याला कॉटन म्हणून विकणं बरोबर नाही.

दुसरं, डाग आणि विणीतल्या चुका. कटपीस आहे, असणारच. तुकडा उजेडात धरून बघा, दुकानात तो उजेड नाही, बाहेर या. लेकराचं कापड छोटं असल्यामुळं डाग चुकवून कापता येतं, मोठ्या माणसाच्या कुर्त्याला नाही जमणार.

मापाबद्दल मात्र चाचा सरळ माणूस. थानावरनं घेतलं तर मीटरला दोन बोटं जास्तच देतो. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "धोने के बाद सुकड जाता, चार उंगल ज्यादा लेव." मी ऐकलं नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागं तीन ते पाच सेंटीमीटर आटतं, वीतभर कपड्यात ते लगेच दिसतं, माझे पहिले दोन झबले तिसऱ्या दिवशीच बेंबीच्या वर गेले. आता कापड आणलं की आधी रात्रभर भिजवते, सावलीत वाळवते, इस्त्री मारते आणि मगच कात्री. ज्यानं 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी बघितलंय त्या माणसाला नुसतं कापड भिजवायला दोन बादल्या पाणी म्हटलं की जीवावर येतं, म्हणून मी आठवड्याचं सगळं कापड एकदमच भिजवते (गडद रंगाचं वेगळं!) आणि ते पाणी फरशीला वापरते.

गडद रंगावरनं आठवलं, बोरन्हाणाचा काळा फ्रॉक. हे दुकानाशी फार संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. संक्रांतीला लेक नऊ महिन्यांची होती. काळं केंब्रिक चाचाकडनंच, पांढऱ्या बुट्ट्यांचं. चार पाण्यांतनं काढलं तरी रंग सोडत होतं, पाचव्या पाण्याला पाणी पांढरं आलं. फ्रॉक मस्त झाला होता, घेराला पांढरी लेस, हलव्याचे दागिने तयार, वाड्यातल्या बाया जमल्या, लेकरं बोरं-चुरमुऱ्याकडं डोळे लावून बसलेली, आणि फ्रॉक लेकीच्या कानाच्या वर अडकला. पुढं जाईना, मागं येईना. आत ती काळ्या अंधारात किंचाळतेय, बाहेर मी "एक मिनिट, एक मिनिट" करतेय. मी गळा आपल्या अंदाजानं कापला होता, बाहुलीसारखा गोल, चौफेर मोजला तर जेमतेम 12 इंच. लेकराचं डोकं किती मोठं असतं ते मोजायचं मला सुचलंच नव्हतं, तिचं साडेसतरा भरलं. (वर्षाच्या आसपास डोक्याचा घेर आणि छाती जवळजवळ सारखीच भरते, हे मला नंतर डॉक्टरांच्या कार्डावरच्या आकड्यांवरनं कळालं.) शेवटी आत्यांनी माझ्या हातातनं कात्री घेतली, फ्रॉक तसाच डोक्यावर असताना पाठीमागनं चार बोटं फाडला, लेक बाहेर आली, लालबुंद, आणि त्याच फाटक्या पाठीला सेफ्टी पिन नाही, "लेकराला टोचंल" म्हणून दोन टाके मारून दिले अंगावरच. फोटोत समोरनं काही कळत नाही.

तर गळा डोक्याच्या मापाचा केला की खांद्यावरनं घसरतो, आणि खांद्याच्या मापाचा केला की डोकं जात नाही, म्हणून पाठीमागं पट्टी उघडी ठेवून टिच बटणं (दाबून बसणारी) लावा. टिच बटणं, पायपिंग, इलॅस्टिक, बॉबिन सगळं चाचाकडं आतल्या काचेच्या कपाटात आहे. शिवायची छोटी शोभेची बटणं पण आहेत, फार गोड दिसतात, मी घेत नाही. दीड वर्षाची पोर जे हाताला येईल ते ओढून तोंडात घालते. मानेला बांधायच्या लांब नाड्या पण मी बंद केल्या, कुठं अडकून ओढ बसली तर गळ्याला फास. कुंचीला हनुवटीखाली बंद लागतोच, तिथं आखूड ठेवते आणि झोपताना कुंची काढते. आत्यांना पटत नाही, त्यांच्या काळात सगळी लेकरं नाड्यांतच वाढली म्हणे.

इलॅस्टिक मात्र इथलं घेऊ नका. तीन धुण्यांत ढिलं पडलं, चड्डी चालता चालता घोट्यावर. दोनदा तेच झालं. मी आता शिलाई साहित्याच्या दुसऱ्या दुकानातनं घेते, चार रुपये जास्त जातात. कमरेच्या मापापेक्षा दोन इंच कमी कापते, पोटावर वळ उठत नाही ना ते आंघोळीच्या वेळी बघते.

खण पण असतो कधीकधी, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडचा, पाडव्याच्या आधी येतो आणि दोन दिवसांत संपतो. त्याचा पन्हा अरुंद असतो, परकराला जोड द्यावा लागतो हे धरून घ्या, आणि आतनं खरखरीत लागतो म्हणून मलमलचं आस्तर लावाच. खादी इथं नाही. विचारलं तर चाचा म्हणतो नांदेडला जा, झेंड्याचं कापड बनतं तिथं. नांदेडची एक चक्कर मनात आहे, बघू.

पैसे वाचतात का, असं बहिणीनं विचारलं. झबल्यात वाचतात, तीस-चाळीस रुपयात घरचं मऊ सुती झबलं होतं. फ्रॉकमध्ये नाही, लेस-पायपिंग-बटणं धरली की रेडीमेडच्या बरोबरीला येतं, आणि माझे दोन दिवस वर. पण माझ्या लेकीच्या फ्रॉकसारखा दुसरा फ्रॉक अख्ख्या गल्लीत नसतो, कारण ढिगात त्या कापडाचा दुसरा तुकडाच नसतो. हा तोटा पण आहे हां, भावाच्या पोराला मॅचिंग शिवून देते म्हणून बसले होते, चार फेऱ्या मारल्या, नाही मिळालं ते नाहीच मिळालं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा "प्युअर कॉटन"च्या पाटीला कापला, एक इलॅस्टिकला. शुक्रवारी दुपारी बंद असतं. शनिवारी गर्दी, लहान लेकरू घेऊन जाऊ नका, ढिगाची धूळ उडते आणि माझी तर शिंकून शिंकून बेजार झाली होती. पैसे फोनवर घेतो पण नेटवर्क आत येत नाही, सुट्टे न्या. पिशवी पण न्या, नाहीतर चाचा सगळं कापड सुतळीनं करकचून बांधून देतो आणि घरी येईपर्यंत मलमलला अशा घड्या पडतात की इस्त्रीलाच अर्धी दुपार जाते.