शाळेच्या लॅबसाठी स्पिरिट लॅम्प की गॅस बर्नर?

नवीन लॅब लावताय किंवा जुनी नीट करताय आणि गाडी इथेच अडलीय, तर आठवी ते दहावीची प्रॅक्टिकल्स मी दोन्हीवर घेतलीत म्हणून लिहितोय. गॉगल, केस बांधणं, वाळूची बादली हे दोन्हीकडे लागतंच, त्यात शिरत नाही.

स्पिरिट लॅम्पबद्दल उगाच वाईट बोलणार नाही. स्वस्त पडतो, पाइपलाइन नको, कुठल्याही टेबलावर ठेवा आणि सुरू करा. टेस्ट ट्यूबमध्ये मोरचूदाचे खडे किंवा फेरस सल्फेट तापवायचं तर त्याची आच आरामात पुरते. काजळीही फारशी धरत नाही.

पण मला सगळ्यात जास्त जाच झाला तो स्पिरिट भरण्याचा. तास अर्ध्यावर येतो, पहिल्या गटाचं झालेलं असतं, दुसरा गट रांगेत, आणि दोन-तीन लॅम्प नेमके तेव्हाच तळाला जातात. मग विझवा, गार होईपर्यंत थांबा, मुलांना मागे सरकवा, फनेल आणा, भरा, सांडलेलं पुसा, बाटली दूर नेऊन ठेवा, तोवर घंटा होते. घाई करायची सोयच नाही, कारण एथेनॉलची (स्पिरिट म्हणजे मुख्यतः हेच अल्कोहोल) वाफ साधारण 17 अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभर, आणि गरम लॅम्पजवळ उघडी बाटली धरली की आग थेट बाटलीत शिरू शकते. त्यात दिवसाउजेडी ही ज्योत धड दिसत नाही, खिडकीजवळच्या टेबलावर तर अजिबातच नाही, त्यामुळे विझलाय समजून भरायला जाणारा मुलगा दर वर्षी एखादा तरी असतोच. लॅम्प जवळजवळ रिकामा असला की भीती कमी होत नाही उलट वाढते, आतल्या मोकळ्या जागेत वाफ आणि हवा मिसळलेली असते. म्हणून पाव भागाच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. एक लॅम्प तिरका करून दुसऱ्यावर पेटवणं तर मुलांचं आवडतं काम, ते थांबवण्यात माझा निम्मा जीव जायचा.

गॅस बर्नरवर आलो आणि ती बाटलीच वर्गातून गेली. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला, बाकी फायदे नंतर कळले. हवेचं भोक बंद ठेवलं की ज्योत पिवळी होते आणि शेवटच्या बाकावरूनही दिसते, तापवायचं नसेल तेव्हा बर्नर पिवळ्यावर हा नियम मुलांना पटकन पटतो. सरांच्या टेबलाजवळ एक मेन कॉक असेल तर एका हाताने सगळा वर्ग बंद, ही सोय लॅम्पमध्ये नाही.

अर्थात गॅसचं स्वतःचं दुखणं आहेच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, तेव्हा सिलिंडर खोलीबाहेर जाळीत उभा हवा आणि खोलीला खालच्या बाजूलाही झरोके हवेत. घरगुती 14.2 किलोचा चालवून घेऊ नका, कमर्शियल कनेक्शन घ्या. रबरी नळी टोकांना चिरते, उंदीर कुरतडतात, दर सत्राच्या सुरुवातीला साबणाचं पाणी लावून बघावं लागतं. बर्नर एलपीजीचाच मागा, त्याचा जेट, म्हणजे गॅस बाहेर येणारं बारीक भोक, वेगळा असतो. कधी ज्योत खाली उतरून बर्नरच्या उभ्या नळीच्या आत जळायला लागते, तेव्हा बर्नरला हात न लावता आधी कॉक बंद करायचा, मग गार होऊ द्यायचा. सुरुवातीचा खर्चही आहे, तो शाळेला पटवावा लागतो.

एका प्रयोगाला मात्र मी दोन्ही ठेवत नाही, पानातल्या स्टार्चची टेस्ट. पान अल्कोहोलमध्ये उकळायचं आणि शेजारी उघडी ज्योत, हे मला नकोच वाटतं. अल्कोहोल 78 अंशांनाच उकळतं, इलेक्ट्रिक किटलीतलं कडकडीत पाणी बीकरमध्ये ओतून त्यात टेस्ट ट्यूब उभी केली की पान पांढरं पडतं, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

शाळा लहान असेल, एका वेळी मोजकीच मुलं असतील, पाइपलाइन शक्य नसेल तर लॅम्प चालेल, माझी हरकत नाही. फक्त सकाळी शाळा भरायच्या आधी भरून ठेवा, बाटली कुलपात, आणि मध्येच संपला तर तो लॅम्प त्या दिवसापुरता बाजूला. भरलेले दोन जादा लॅम्प हाताशी असले की पुरतं.