सायलेंट हंटर 3 : अंतर मोजायचं सोडलं आणि टॉर्पेडो लागायला लागले

माऊसचं डावं बटण एका दाबाला दोन क्लिक द्यायला लागलं. वॉरंटी शिल्लक, बिल हातात, डबासुद्धा जपून ठेवलेला. तरी राजारामपुरीतल्या दुकानात एकच उत्तर : "गेमला वापरलाय, वॉरंटीत बसत नाही." दोन हेलपाटे फुकट गेले. नव्या माऊसला पैसे घालायचे नाहीत, हे मी तिथंच ठरवलं.

सायलेंट हंटर 3 हा दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा गेम, 2005 चा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर वेगळं ग्राफिक्स कार्ड न घालता पळतो, म्हणूनच घेतला होता. मॅन्युअल टार्गेटिंगमध्ये, म्हणजे नेमाचा हिशेब आपणच करायचा तेव्हा, जहाजाचं अंतर काढायचं ते पेरिस्कोपातल्या स्टेडीमीटर या मापकानं : डोलकाठीचं टोक जुळवायचं आणि क्लिक करायचं. क्लिकच दोनदा पडत असेल तर आकडा कुठला बरोबर येणार?

माऊस धड होता तेव्हाही या स्टेडीमीटरवर माझा राग होताच. गेमचं चित्र 1024 बाय 768 ला अडकलेलं. 30 मीटरची डोलकाठी 3000 मीटरवरून जेमतेम अर्ध्या अंशाएवढी दिसते. त्यात 0.1 अंश कमी धरला गेला की अंतर साडेतीन हजारांच्या पुढं. वर लाटेबरोबर पेरिस्कोप खाली-वर होतोय ते वेगळंच. टाइप सात-सी या जर्मन पाणबुडीत टॉर्पेडो 14 च असतात, एकेक वाया जाताना जीव तुटतो. बरेच दिवस मी विचारेल त्याला सांगत होतो, की मॅन्युअल बंद ठेवा आणि सुखानं खेळा.

आता तसं सांगत नाही. कारण अंतर लागतच नाही.

खेळाडू या रीतीला 'फास्ट 90' म्हणतात. जहाजाच्या मार्गाला काटकोनात बोट उभी करायची, जवळजवळ थांबलेली. पेरिस्कोप एका जागी धरायचा. जहाजाचं नाक उभ्या रेघेला टेकलं की स्टॉपवॉच सुरू, शेपूट सुटलं की बंद. गेममधल्या जहाजांच्या ओळखपुस्तकातली लांबी मीटरमध्ये, भागिले सेकंद, गुणिले 1.94, की वेग नॉटमध्ये. लिबर्टी हे महायुद्धातलं मालवाहू जहाज साधारण 135 मीटर. 24 सेकंद लागले तर वेग 11 नॉट. इलेक्ट्रिक टॉर्पेडो 30 नॉटचा, म्हणून 20 अंश आधी सोडायचा. जहाज डावीकडून येत असेल तर पेरिस्कोप 340 वर, जहाजाच्या नाकाचा कोन (त्याच्या नाकाच्या दिशेपासून आपल्या बोटीपर्यंतचा) उजव्या बाजूचा 70. गायरो, म्हणजे सुटल्यावर टॉर्पेडोनं वळायचा कोन, शून्याच्या आसपास येतो आणि टॉर्पेडो नाकासमोर सरळ जातो. मग जहाज 800 मीटरवर असो की 2000 वर, त्रिकोण तोच, नुसता लहान-मोठा.

जीव लावायचा तो वेगावर. 1000 मीटर जायला या टॉर्पेडोला 65 सेकंद लागतात. वेग दोनच नॉट चुकला तर तेवढ्या वेळात जहाज 67 मीटर पुढं-मागं, म्हणजे जवळजवळ अर्धं जहाज! नेम मधोमध धरला असला तरी टॉर्पेडो काठावरून निसटतो. कोन मात्र पाच-दहा अंश इकडंतिकडं झाला तरी एवढं बिघडत नाही.

परवा मेव्हणा शेजारी बसला होता. त्याला दम निघेना.

"दाजी, सोडा की! जाईल जहाज पुढं."

"थांब रे. नाक रेघेला लागू दे."

सोडला. साठाच्या पुढं काटा गेला आणि चिमणीच्या बरोबर खाली पाण्याचा खांब उठला. एकच टॉर्पेडो, तोही इलेक्ट्रिक, मागं बुडबुड्यांची रेघ न सोडणारा. मेव्हणा खुर्चीवरून उठलाच.

एक सांगतो, टॉर्पेडो न फुटण्याचा पर्याय चालूच ठेवा. 1940 च्या एप्रिलमध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मनांचे टॉर्पेडो असेच दगा देत होते, त्याशिवाय त्या काळाचा खेळ खरा वाटत नाही. काटकोनातून लागलेला टॉर्पेडो तिरक्यापेक्षा भरवशानं फुटतो, हाही या रीतीचा फायदाच. नकाशावर जहाजं दिसण्याची सोय मात्र मी चालू ठेवलीय. मार्ग त्यावरूनच काढतो, काटकोन त्याशिवाय जुळत नाही.

तक्रार एकच उरलीय. गेमनं ही रीत स्वतःहून शिकवायला हवी होती. स्टेडीमीटरला एवढा मान, आणि स्टॉपवॉच कोपऱ्यात!

सध्या काफिल्यांच्या मागं लागलोय. तिथं सगळी जहाजं एकाच वेगानं चालतात, त्यामुळं पहिल्याचं माप घेतलं की सगळ्या रांगेचा वेग मिळतो. पुढच्या चार नळ्या, चार जहाजं, आणि मोजणी एकदाच.