टायर चढवूनच दिलेले सतरा इंची अलॉय

माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१५ ची. घेतली तेव्हापासून तिला सतरा इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूचे व्हील, टाकायचं मनात होतं. कंपनीचे व्हील पंधरा इंची, टायर १८५/६०. साइजचा हिशोब मी नीट केला होता. मूळ चाकाचा व्यास टायरसकट ६०३ मिलिमीटर, २१५/४० आर १७ चा ६०४. म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही. पाच बोल्ट, पीसीडी म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, तेही बघितलं. फसवणूक मात्र मी जिथे बघितलंच नाही तिथे झाली.

पुण्यातल्या त्या दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. मालक म्हणाले, "साहेब, अस्सल जपानी माल आहे, कोरा करकरीत." स्पोकच्या मागे जेडब्ल्यूएल ही अक्षरं दाखवली. जपानच्या अलॉय व्हीलच्या मानकाची ती खूण. पण साच्यात अक्षरं उठवायला कुणाचं काय जातंय? नकली व्हीलवरही ती असतात, हे मला नंतर कळलं. सेट टायर चढवूनच ठेवला होता. "बॅलन्सिंगसुद्धा झालंय, तुमचा वेळ वाचेल." मला ती सोय वाटली. जुने व्हील त्यांना देऊन वर ५८ हजार मोजले.

पहिल्याच आठवड्यात एक्स्प्रेसवेवर नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. दुसरीकडे दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं, फरक पडला नाही. त्यात पुढच्या डाव्या चाकातली हवा चार दिवसांत ३३ वरून २२ वर यायची. वाकडच्या एका पंक्चरवाल्या काकांनी टायर पाण्यात फिरवून बघितला, पंक्चर नाही. मग टायर उतरवला आणि रिमच्या आतल्या बाजूला साबणाचं पाणी लावलं. बोटभर लांबीच्या एका उंचवट्यावर बारीक बुडबुडे येत होते. काकांनी नखाने वरचा काळा पावडर कोट खरवडला. खाली वेल्डिंगचा टाका, वरवर घासून सपाट केलेला. "दादा, ही रिम फुटकी आहे. आतून वेल्ड मारून रंगवलीय."

मागच्या सीटवर माझी सात वर्षांची मुलगी बसते. त्या क्षणी पैसे डोक्यातही आले नाहीत.

चारही टायर उतरवले. दोन रिम वेल्ड केलेल्या. थरथरण्याचं कारणही सापडलं: रिमचं मधलं भोक ७३.१ मिलिमीटर, पोलोचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, ५७.१, आणि मधली जागा भरणारी हब रिंग बसवलेलीच नव्हती. सगळ्यात भयंकर म्हणजे बोल्ट. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोल असते, या व्हीलची शंकूसारखी. त्यांनी जुनेच बोल्ट आवळून दिले होते. असे बोल्ट पूर्ण टेकत नाहीत, चालत्या गाडीत सैल होतात.

वेल्डच्या आजूबाजूचं अॅल्युमिनियम उष्णतेने मऊ पडतं. त्यात या टायरची भिंत जेमतेम ८६ मिलिमीटर, मूळ टायरची १११ होती. म्हणजे खड्ड्याचा दणका आधीपेक्षा जास्त थेट रिमला, आणि तोही तिच्या दुबळ्या जागेवर.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "तुम्हीच खड्ड्यात आपटली असेल." आपटली मी, मग वेल्ड मारून वर रंग कुणी दिला? त्यावर गप्प. माझ्याकडे इस्टिमेटची चिठ्ठी तेवढी होती, पक्कं बिल नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. माझे जुने व्हील तर त्याच आठवड्यात विकून झाले होते.

कुणी अलॉय घेणार असाल तर टायर न चढवलेली रिम मागा. आतून अंगठा फिरवा, उंचवटा लागला तर तिथूनच परत फिरा. बॅलन्सिंग मशिनवर नुसती रिम फिरवायला लावा, काठ डोलतो का ते स्वतः बघा. बिलावर जीएसटी आणि 'नवीन' हा शब्द लिहून घ्या. आणि मूळ व्हील देऊ नका, घरी माळ्यावर टाका. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे तसाच पंधरा इंची सेट शोधायला मला दोन महिने लागले.

भंगारवाला त्या दोन फुटक्या रिम आख्ख्या घ्यायला तयार होता, भावही बरा देत होता. मी आधी ग्राइंडरने दोन्ही आरपार कापून घेतल्या, मगच त्याला दिल्या.