दीर्घिकेचे बारकावे काढायला सिरिल की गिंप?

दीर्घिका टिपणारे आपण बहुतेक जण स्टॅकिंगपर्यंत, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून एक फाइल करण्यापर्यंत, एकाच वाटेने जातो. फाटा फुटतो तो त्यानंतर. स्टॅक झालेली, जवळपास काळीच दिसणारी फाइल हातात आली की तिच्यातल्या सर्पिल भुजा आणि धुळीचे पट्टे बाहेर काढायचे कशात? काही जण शेवटपर्यंत सिरिल या आकाशाच्या फोटोंसाठीच्या सॉफ्टवेअरमध्येच राहतात. काही जण सिरिलमध्ये फक्त स्टॅक करतात आणि पुढचं सगळं गिंप या फोटो एडिटरमध्ये लेयर लावून करतात. मी दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत, तेव्हा पैशाचा मुद्दा इथे येतच नाही.

आधी गिंपची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. सॉम्ब्रेरो, म्हणजे एम १०४, घ्या. तिचा गाभा भगभगीत आणि त्याला चिकटून धुळीचा काळा पट्टा. लेयरची कॉपी करायची, तिच्यावर कडा ठळक करणारा हाय पास फिल्टर लावायचा, वर तिला झाकणारा काळा मास्क टाकायचा आणि मऊ ब्रशने फक्त पट्ट्यापुरता तो उघडायचा. पट्ट्याच्या कडा डोळ्यांसमोर उमटत जातात आणि बाकीच्या चित्राला धक्का लागत नाही. देवयानीचंही तसंच. आकाशात तीन अंशांच्या आसपास पसरलेली दीर्घिका, बाहेरच्या भुजा दिसाव्यात म्हणून ताणली (स्ट्रेच केली), म्हणजे अंधारे भाग उजळवले, की गाभा जळतो. दोन वेगळे स्ट्रेच करून मास्कने एकत्र केले की प्रश्न मिटतो. व्हर्लपूलच्या, म्हणजे एम ५१ च्या, भुजांमधले गुलाबी तेजोमेघ तेवढेच गडद करायचे असतील तरी ब्रशच कामी येतो. सिरिलमध्ये असा ब्रश नाही, आणि फोटोग्राफीतून या छंदात आलेल्यांना त्याची उणीव पहिल्याच दिवशी जाणवेल.

एक गोष्ट मात्र मला कायम खटकते. आपण सगळ्यांनी हबलचे फोटो पाहिलेले असतात. ब्रश हातात असला की पट्टा कुठे असायला हवा हे हाताला आधीच माहीत असतं, आणि तो तिथे गडद होतो. आपल्या डेटात तो तितका होता का, हे नंतर सांगता येत नाही.

सिरिलचा स्वभाव वेगळा. तिथे जे करायचं ते अख्ख्या चित्रावर आणि सूत्राने. दीर्घिकांसाठी तिथलं सगळ्यात मोलाचं हत्यार म्हणजे जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच (जीएचएस). त्यात सिमेट्री पॉइंट जिथे ठेवाल त्या उजेडाच्या पातळीवर कॉन्ट्रास्ट सर्वाधिक वाढतो. भुजेचा एक तुकडा सिलेक्ट करून तिथली पातळीच सिमेट्री पॉइंट म्हणून घ्यायची, हायलाइट प्रोटेक्शनचा आकडा खाली आणायचा (तो जितका कमी, तितके उजळ भाग जपले जातात), आणि एका दणक्यात न ताणता थोडं थोडं ताणायचं. गाभा शाबूत राहतो आणि भुजा उठून येतात. त्याआधी स्टारनेट या प्रोग्रामने तारे वेगळे काढले तर ते फुगतही नाहीत. फक्त वेगळ्या काढलेल्या ताऱ्यांची फाइल एकदा नीट बघा. भुजांमधल्या ठळक गाठी, कधी लहान दीर्घिकेचा गाभासुद्धा, तारा समजून उचलला जातो. डीकन्व्होल्यूशन, म्हणजे फोटोतला धूसरपणा गणिताने कमी करणं, करायचं तर स्ट्रेचच्या आधी, आणि डेटा पुरेसा असेल तरच. नाहीतर ताऱ्यांभोवती काळी कडी येतात.

इथवर तराजू जवळपास समतोल आहे. माझ्यासाठी निर्णय झाला तो एका कटकटीमुळे, आणि तिचं मूळ नागपूरच्या आकाशात आहे.

जून ते सप्टेंबर पावसाचे. दीर्घिकांचा खरा हंगाम मार्च ते मे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. कूलिंग नसलेल्या डीएसएलआरचं तेव्हा काय होतं ते सांगायला नको: सेन्सर सहा-एक अंशांनी तापला की डार्क करंट, म्हणजे उष्णतेने सेन्सरमध्ये उमटणारा खोटा सिग्नल, साधारण दुप्पट होतो, आणि मे महिन्यात रात्रीही हवा निवत नाही. महिन्यातले निम्मे दिवस चंद्र खातो. शहराच्या उजेडाचं तर विचारूच नका. मी बेसाच्या बाजूने टिपतो. तिथून एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिका जास्तीत जास्त ४२ अंशांवर येतात, आणि तेही उत्तरेला, म्हणजे अख्खं शहर आणि त्यापलीकडची कोराडी ओलांडून. एम ५१ निदान ६४ अंशांपर्यंत चढते. दक्षिणेकडची एम १०४ ५७ अंशांपर्यंत जाते, पण त्या अंगाला बुटीबोरीचा उजेड आहे. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथलं आकाश अप्रतिम आहे, पण नोकरी सांभाळून दर अमावास्येला जाणं किती जणांना जमतं?

म्हणून डेटा जमतो तो तुकड्यातुकड्यांनी. आज दोन तास, पुढच्या अमावास्येला तीन, उरलेला पुढच्या वर्षी. आणि बारकावे शेवटी त्या तासांतूनच येतात. तास दुप्पट केले की सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे खऱ्या उजेडाचं खरखरीशी असलेलं प्रमाण, सुमारे १.४ पट होतो. पण नवे सब्स, म्हणजे सुटे फोटो, घातले की स्टॅक बदलतो. पार्श्वभूमीची पातळी बदलते, ग्रेडियंटचा, म्हणजे शहराच्या उजेडाने आकाशात पडलेल्या चढउताराचा, आकार बदलतो, नॉइज कमी होतो. गिंपमध्ये आधी निगुतीने बसवलेल्या कर्व्हचे बिंदू आता भलत्याच ठिकाणी पडतात. मास्क जुन्या फ्रेमशी जुळवून घेता येतो, पण त्याची धार नव्या नॉइजला शोभत नाही, आणि लेयरची ऑपासिटी तेव्हा किती आणि का ठेवली होती हे आठवत नाही. पुन्हा पहिल्यापासून बसा. २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० ने फिल्टर नंतर बदलण्याची सोय दिली, त्याने बरंच सुसह्य झालं आहे. तरी हाताने रंगवलेलं हातानेच पुन्हा रंगवावं लागतं. रात्रभर जागून आणलेले सब्स या कंटाळ्यापायी बाजूला पडावेत, हे मला फार लागलं.

सिरिलमध्ये सगळ्या पायऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवता येतात: ग्रेडियंट काढणं, रंग जुळवणं, तारे वेगळे करणं, स्ट्रेच. ऑटो-जीएचएसची कमांड सिमेट्री पॉइंट चित्राच्या स्वतःच्या मीडियन आणि सिग्मावरून, म्हणजे मधल्या पातळीवरून आणि पसाऱ्यावरून, ठरवते, त्यामुळे पार्श्वभूमी सरकली तरी तीच ओळ चालते. नवा स्टॅक द्यायचा आणि स्क्रिप्ट सोडायची. शेवटचा हात फिरवावा लागतोच, पण सुरुवात शून्यातून होत नाही. शिवाय काय काय केलं याची नोंद फिट्स फाइलच्या (खगोलशास्त्रातला नेहमीचा फाइल-प्रकार) हेडरमध्ये, म्हणजे माहितीच्या भागात, राहते. वर्षाने उघडली तरी कळतं.

तुम्ही वर्षातून एकदाच पेंचला जाऊन एकाच रात्रीच्या डेटावर काम करत असाल, किंवा देवयानीसारखी मोठी, ठळक दीर्घिकाच टिपत असाल, तर गिंप सोडायचं काही कारण मला दिसत नाही. ज्यांचा हात लेयरवर बसलेला आहे त्यांनाही मी आग्रह करणार नाही. पण घराच्या गच्चीवरून एकाच दीर्घिकेवर हंगामामागून हंगाम तास चढवायचे असतील, तर मी सिरिलकडे झुकेन.

आणि ब्रश अगदीच सोडवत नसेल, तर सिरिलमधून स्ट्रेच झालेली बिनताऱ्यांची फाइल आणि ताऱ्यांची फाइल अशा दोन वेगळ्या १६-बिट टिफ काढा. गिंपमध्ये खाली दीर्घिका, वर तारे, ताऱ्यांच्या लेयरचा मोड स्क्रीन. मग जो काही हात फिरवायचा तो फक्त खालच्या लेयरवर.