शून्याला दहा टिकटिक: दुसरीच्या मुलांना घेऊन संग्रहालयात

दुसरीची सहल म्हटली की बाग नाहीतर प्राणिसंग्रहालय ठरलेलं असतं. या वेळी मी हट्टाने एका स्थानिक संग्रहालयाचा, शाळांसाठीचा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम निवडला. विषय असा: आपल्या भागातली माणसं पूर्वी कशी राहायची, काय वापरायची आणि ते का बदललं. आम्ही दोघी शिक्षिका, तीन पालक आणि ३८ मुलं. सात वर्षांच्या मुलांना यातलं काय कळणार, असं शाळेत दोन-तीन जणांनी विचारलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात सुंदर गेला तो टेलिफोनचा तास. टेबलावर तबकडीचे दोन काळे फोन, एकमेकांना जोडलेले. पहिला मुलगा पुढे गेला आणि आकड्यावरच्या भोकात बोट घालून बटणासारखं दाबत राहिला. काहीच होईना. तिथे शिकवायला ज्या बाई होत्या त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मुलांनी दोन मिनिटांत त्यांना आजी करून टाकलं. आजींनी काही समजावलं नाही. त्याचं बोट धरलं, तबकडी अडेपर्यंत फिरवली आणि म्हणाल्या, "आता सोड, आणि परत येताना ऐक." तीनला तीन टिकटिक. नऊला नऊ. मग त्यांनी विचारलं, "शून्याला किती?" सगळा वर्ग एकसुरात ओरडला, "शून्य!" तबकडी फिरली, मुलं मोजायला लागली आणि सातच्या पुढे त्यांचे आवाज हळूहळू बारीक होत गेले. दहा! तबकडी परत येताना तारेतला प्रवाह तितक्या वेळा तुटतो आणि एक्स्चेंजमधलं यंत्र ते मोजतं. एकदाही तुटला नाही तर शून्य फिरवलंय हे यंत्राला कळणार कसं? म्हणून दहा वेळा. हे एका मुलीने स्वतःच्या शब्दांत मला परतीच्या वाटेवर सांगितलं, तेव्हा मला फार आनंद झाला.

मधल्या वेळेत आजी आम्हा मोठ्यांशीही बोलल्या. सुरुवातीला ऑपरेटर म्हणून तरुण पोरं ठेवत, पण ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून १८७८ मध्ये बॉस्टनला एमा नट या पहिल्या महिला ऑपरेटर आल्या. पुढे १८९१ मध्ये अल्मन स्ट्रोजर यांना आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि त्याच वाटेने हळूहळू ऑपरेटरचं काम कमी होत गेलं. "माझंही गेलं," असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. यंत्र बदलतं तेव्हा कुणाचं तरी रोजचं काम बदलतं, ही गोष्ट त्यांनी मुलांनाही सांगावी असं मी सुचवलं आहे.

टाइपरायटरवर प्रत्येकाने आपलं नाव उमटवलं. यंत्र देवनागरी होतं. ज्यांच्या नावात 'श' होता त्यांना आधी अर्धा श् आणि मग काना अशा दोन कळा दाबाव्या लागल्या. नुकतीच जोडाक्षरं शिकलेली ही मुलं. 'अर्धा श्' म्हणजे काय ते त्यांना फळ्यापेक्षा तिथे जास्त कळलं. दोन कळा एकदम दाबल्या की आतल्या दांड्या एकमेकींत अडकतात, हेही सगळ्यांनी मनसोक्त करून पाहिलं. "डिलीट कुठंय?" हा प्रश्न तर निदान दहा जणांनी विचारला असेल. नाव चुकलेल्या एकाने तो कागद तसाच जपून आणलाय.

मग फोटोंची भिंत. एकाच चौकाचे, एकाच जागेवरून काढलेले तीन काळांतले फोटो. दिव्याचा खांब बदललाय, रस्ता बदललाय, कोपऱ्यावरच्या घराच्या पायऱ्या मात्र त्याच. मुलांनी या पायऱ्या शोधून काढल्या तेव्हा जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. सर्वांत जुन्या फोटोत काही माणसं धुरासारखी दिसतात. "ही भुतं आहेत का?" असं एकाने अगदी गंभीरपणे विचारलं. मार्गदर्शक ताईंनी सगळ्यांना दहा अंक मोजेपर्यंत पुतळा व्हायला सांगितलं. जो हलला तो धूर! तेव्हाच्या कॅमेऱ्याला चित्र टिपायला वेळ लागायचा, हे एवढ्यात समजलं.

आता खटकलेलं. सुरुवातीलाच अंधाऱ्या खोलीत पंचवीस मिनिटांची फिल्म दाखवली. सनावळ्याच सनावळ्या. दहाव्या मिनिटाला अर्धा वर्ग चुळबुळत होता, दोघं झोपले. ग्रामोफोन काचेत बंद, एकही रेकॉर्ड वाजवून दाखवली नाही. संगणकांच्या दालनातही तेच, नुसत्या पाट्या आणि त्याही मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. फ्लॉपी दाखवून "यात १.४४ एमबी मावायचं" असं सांगितलं तर मुलाला काय कळणार? मोबाईलवर काढलेला आपला एक फोटोही बहुतेक यात बसणार नाही, असं मी म्हटलं तेव्हा कुठे माना वळल्या. आणि शेवटी हातात दिलेली रिकाम्या जागा भरण्याची पत्रिका या वयाला अजिबात योग्य नाही. आम्ही ती उलटी करून मागे चित्रं काढायला लावली. बऱ्याच जणांनी टेलिफोनच काढला, आणि आकडे गोलात मोजून दहा.

जायचंच असेल तर वर्गाचे तीन गट करा आणि प्रत्येक वस्तूपाशी बारा-तेरा मुलंच जातील असं आधीच ठरवून घ्या. आमचे दोनच होते आणि फोनपाशी रांगेत मागे राहिलेल्या चौघांना तबकडी फिरवायलाच मिळाली नाही. त्यांचे चेहरे बघवत नव्हते. पुढच्या वर्षीची तारीख मी ठरवून आले आहे. अर्जातच लिहिलंय: फिल्म नको, तो वेळ आजींच्या टेबलाला द्या.