पाच व्होल्टचा डिस्प्ले की ३.३ चा?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याकडच्या दुकानात १६ बाय २ चा (दोन ओळी, प्रत्येकी १६ अक्षरं) एलसीडी डिस्प्ले मागितला की बहुतेक ५ व्होल्टचाच हातात पडतो. भाच्याकडे ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर आहे, ३.३ व्होल्टवर चालणारा. त्याचा प्रश्न रास्त होता: "मामा, डेटाशीटमध्ये २.७ ते ५.५ लिहिलंय, मग हाच ३.३ वर का नाही चालणार?"

कारण तो आकडा डिस्प्ले चालवणाऱ्या चिपचा आहे, अक्षर दाखवणाऱ्या काचेचा नाही. हिताचीची एचडी४४७८०यू ही चिप २.७ व्होल्टवर खुशाल काम करते. पण अक्षर उमटायला काचेला मुख्य सप्लाय आणि कॉन्ट्रास्ट ठरवणारी तिसरी पिन (व्हीओ) यांच्यात साधारण साडेचार व्होल्टचा फरक लागतो. ५ व्होल्टवर व्हीओ अर्ध्या व्होल्टच्या आसपास ठेवली की काम झालं. ३.३ वर मात्र ती थेट ग्राउंडला जोडली तरी फरक ३.३ च्या वर जात नाही. चिप आत सगळं बिनचूक लिहीत असते, काच कोरी. लोक मग कोडमधली चूक शोधत रात्र घालवतात.

३.३ व्होल्टच्या मॉड्यूलवर बहुधा मागच्या बाजूला ७६६० जातीची छोटी आयसी असते. ती व्हीओसाठी उणे व्होल्टेज बनवते. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते या आयसीचे.

ग्वाल्हेरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडीत काचेला जास्त व्होल्टेज लागतं, उन्हाळ्यात कमी. आपल्याकडे जानेवारीत पारा ५ च्या खाली, मे महिन्यात ४५ च्या वर. जानेवारीत जमवलेला कॉन्ट्रास्ट मे महिन्यात काळे चौकोन दाखवतो. म्हणून ठरावीक रेझिस्टर न लावता १० किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावा. साध्या मॉड्यूलची हमी तर ० ते ५० अंशांचीच असते; गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्यात ती पुरत नाही.

वरची मर्यादाही कडक आहे. चिपला ७ व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. मी एकदा घाईत ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडली आणि एक डिस्प्ले मुकाट्याने गेला. मध्ये ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) हवाच. बॅकलाइटचं वेगळं: काही मॉड्यूलवर त्याचा रेझिस्टर असतो, काहींवर नसतो. शंका असेल तर १०० ओहम लावून द्या, फार तर उजेड थोडा कमी पडेल.

आता ईएसपी३२. यूएसबीचे ५ व्होल्ट हाताशी असतील तर मी ५ व्होल्टचाच घेईन. पॅरलल जोडणीत आरडब्ल्यू पिन (वाचायचं की लिहायचं ते ठरवणारी) ग्राउंडला बांधायची, म्हणजे डिस्प्ले ५ व्होल्ट उलट ईएसपीच्या पिनांवर ढकलणार नाही. मूळ हिताची चिप ५ व्होल्टवर २.२ च्या वरचा सिग्नल 'हाय' मानते, म्हणून ३.३ पुरतात. स्वस्त मॉड्यूलवर काळ्या डांबरी ठिपक्याखाली कोणती चिप आहे हे कळायला मार्ग नाही, तेव्हा आधी टेबलावर चालवून पाहा. आय२सी पाठपट्टी (दोनच सिग्नल तारांवर डिस्प्ले चालवणारी मागची छोटी पट्टी) लावायची तर ५ व्होल्टवर तिच्यावरच्या पीसीएफ८५७४ चिपला 'हाय' साठी ३.५ लागतात, आणि पट्टीवरचे पुल-अप रेझिस्टर ईएसपीच्या पिना ५ व्होल्टकडे खेचतात. तिथे लेव्हल शिफ्टर (३.३ आणि ५ व्होल्टच्या सिग्नलमधला दुवा) घालाच.

एका लिथियम सेलवर यंत्र चालवायचं असेल तर मात्र ३.३ चा मागवा. सेल ४.२ वरून उतरत जातो, तसं ५ व्होल्टच्या काचेवरचं अक्षर फिकट होत जातं. भाच्याचं यंत्र भिंतीवरच्या चार्जरवर चालतं, त्याने ५ चा घेतला.