पायबाल्ड की स्पायडर? बॉल पायथनमध्ये पैसा कुठे अडकतो

अमेरिकेत 1990 च्या दशकाअखेरीस बॉल पायथनचे, म्हणजे घरी पाळल्या जाणाऱ्या एका बिनविषारी अजगराचे, स्पायडर आणि पायबाल्ड हे दोन रंगप्रकार गाजू लागले आणि हौशी लोकांनी त्यांत हजारो डॉलर ओतले.

स्पायडरचा जनुक प्रभावी. साध्या जोडीदारापासूनही सरासरी निम्मी पिल्लं स्पायडर निघतात. पैसे लवकर सुटतात, पण सगळ्यांकडेच पिल्लं होतात आणि भाव बसतो. शिवाय या जनुकाबरोबर तोलाचा दोष येतो: पिल्लू डोकं उचलतं, मान पिळवटत जाते, उंदरावरचा नेम चुकतो. असा जीव विक्रीसाठी वाढवणं मला पटत नाही.

पायबाल्ड म्हणजे पांढऱ्याशुभ्र अंगावर तपकिरी ठिगळं. जनुक अप्रभावी, त्यामुळे तो आईबाप दोघांकडून यावा लागतो. दोघे नुसते वाहक, म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेले, असतील तर सरासरी चारात एक पिल्लू पायबाल्ड. मादी वयात यायला तीनेक वर्षं, अंडी एका वेळी जेमतेम सहा. आणि वाहक पिल्लू दिसायला अगदी साधं! पूर्वी विकणाऱ्याच्या शब्दावरच पैसे मोजावे लागत. आता कातेवरून जनुकचाचणी होते, ती करूनच घ्या. पायबाल्डही आज काही शे डॉलरला मिळतो. तरी दोघांत मी पायबाल्डच निवडेन, फक्त कर्ज काढून नाही. ती तीन वर्षं उंदीर, वीज आणि डॉक्टरचा खर्च थांबत नाही.